कूसीचा मुख्य बुरूज : प्रतिकृतीच्या कामाच्या नोंदी

१० जानेवारी २०२४, पुणे

मध्ययुगीन युरोपातील दुर्गरचनेवर आमचा अभ्यासगट जे फिरते प्रदर्शन उभे करत आहे, त्यातील फ्रान्सच्या दालनासाठी कोणता किल्ला घ्यावा, याचा निर्णय आजच्या बैठकीत झाला. लुआर नदीकाठचे देखणे राजवाडे पर्यटकांच्या छायाचित्रांमुळे सगळ्यांना परिचित आहेत. म्हणून ते बाजूला ठेवून कूसी-ल-शातो-ओफ्रिक या लहानशा गावचा किल्ला घ्यावा, असा आग्रह मी धरला आणि तो मान्य झाला. उत्तर फ्रान्सच्या एन जिल्ह्यात, लाँ आणि स्वासों या दोन जुन्या शहरांच्या मधल्या मुलखात, एलेत नदीच्या खोऱ्यावर पुढे आलेल्या एका पठारी सोंडेवर हे गाव वसलेले आहे. लोकवस्ती हजाराच्या आसपास आहे. तेराव्या शतकात याच ठिकाणी असा एक बुरूज उभा राहिला, की त्याच्या तोडीचा दुसरा युरोपात दाखवणे कठीण होते, आणि तो आज जागेवर नाही. जी वास्तू पाहता येत नाही तिचीच प्रतिकृती करण्यात खरा अर्थ आहे, असे मला वाटते.

प्रतिकृतीचे प्रमाण एकास शंभर ठरले. म्हणजे प्रत्यक्षातला एक मीटर आपल्याकडे एक सेंटिमीटर होईल आणि मापे मनातल्या मनात करता येतील.

१८ जानेवारी

मुख्य मापे आज पक्की केली. फ्रेंच दुर्गशास्त्रात ज्याला दोंजों म्हणतात, त्या मुख्य बुरुजाची उंची सुमारे ५४ मीटर, बाहेरचा व्यास सुमारे ३१ मीटर आणि पायथ्याशी भिंतीची जाडी सात मीटरांहून अधिक होती. प्रतिकृतीत हा बुरूज ५४ सेंटिमीटर उंच आणि ३१ सेंटिमीटर रुंद येईल, म्हणजे टेबलावर ठेवल्यावर तो बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर जाईल.

या आकड्यांचे वजन कळायला एक तुलना पुरेशी आहे. राजा फिलिप ओग्युस्त याने पॅरिसमध्ये लूव्हरच्या गढीत जो बुरूज बांधला, त्याचा व्यास सुमारे १५ मीटर होता. कूसीचा बुरूज त्याच्या दुपटीने रुंद होता आणि तो बांधणारा राजा नव्हता. तिसरा आंगेरां हा कूसीचा सरदार. १२१४ सालच्या बुव्हिनच्या लढाईत तो राजाच्या बाजूने लढला, आणि पुढे नववा लुई अल्पवयीन असताना राजमाता ब्लांश द कास्तीय हिच्याविरुद्ध जी सरदारांची फळी उभी राहिली, तिच्यातही तो होता. किल्ल्याचे मुख्य बांधकाम १२२० च्या दशकात सुरू झाले आणि १२४२ मध्ये आंगेरां मरण पावला, तेव्हा ते उभे होते. ‘मी राजा नाही, राजपुत्र नाही, ड्यूक नाही, काउंटही नाही, मी कूसीचा धनी आहे’ हे या घराण्याचे ब्रीद प्रसिद्ध आहे. प्रदर्शनाच्या फलकावर ते घ्यायचे आहे, पण बुरुजाच्या मापांच्या शेजारी. कारण मापांशिवाय ते नुसती बढाई वाटेल.

२ फेब्रुवारी

आज पायाचा नकाशा काढला. संपूर्ण ठिकाण तीन भागांत विभागलेले आहे. पठाराच्या बाजूला तटबंदीने वेढलेले गाव, त्याच्या पुढे एक मोठे आवार, आणि सोंडेच्या अगदी टोकाला प्रत्यक्ष किल्ला. किल्ला अनियमित चौकोनी आहे. त्याच्या चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज होते, आणि त्यांतला प्रत्येक बुरूज एखाद्या सामान्य किल्ल्याचा मुख्य बुरूज म्हणून सहज शोभला असता.

मुख्य बुरूज मात्र कोपऱ्यात किंवा मध्यभागी नसून आवाराकडे तोंड केलेल्या तटाच्या मधोमध होता, हे नकाशा काढताना फार लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. तीन बाजूंना उतार असल्यामुळे शत्रू येणार तो गाव आणि आवार जिंकूनच, म्हणजे एकाच दिशेने; आणि त्या दिशेला सर्वांत जाड भिंत उभी केली होती. शिवाय या बुरुजाला स्वतःचा वेगळा खंदक आणि त्याभोवती स्वतःचा वेगळा तट होता, आणि आत शिरायला उचलता पूल होता. म्हणजे किल्ल्याचे अंगण शत्रूच्या हाती गेले, एवढेच नव्हे, तर अंगणातल्या आपल्याच माणसांनी बंड केले, तरीही बुरूज वेगळा लढू शकत होता. भाडोत्री सैनिकांच्या त्या काळात ही दुसरी शक्यता पहिलीइतकीच खरी होती, हे आमच्या फलकावर स्पष्ट लिहायला हवे.

१९ फेब्रुवारी

आत काय होते, याची माहिती आपल्याला कशी आहे, हा प्रश्न गटातल्या एका विद्यार्थिनीने विचारला. प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर प्रकल्पाच्या केंद्रस्थानी येणार आहे. दोन माणसांनी हा किल्ला कागदावर नीट उतरवून ठेवला. पहिला झाक आंद्रुए द्यु सेर्सो. त्याची कोरीव चित्रे १५७६ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा किल्ला शाबूत होता. दुसरा एकोणिसाव्या शतकातला वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युक. त्याने १८५६ पासून इथे डागडुजीचे काम केले आणि प्रत्येक मजल्याचे नकाशे, छेद आणि बांधणीचे तपशील काढले. त्याची आतल्या रचनेची चित्रे काही अंशी तर्कावर आधारलेली आहेत, कारण त्याच्या वेळेपर्यंत आतली छते कोसळलेली होती; तरीही कमानींचे उगम, भिंतीतले जिने आणि कोनाडे त्याने समोर पाहून मोजले होते.

त्याच्या आधारे आतली रचना अशी दिसते. एकावर एक तीन दालने, प्रत्येकाचा आतला घेर बारा बाजूंचा, प्रत्येक बाजूला भिंतीत खोल कमानदार कोनाडा. छत दगडी फासळ्यांनी तोललेले आणि त्याच्या मध्यभागी एक गोल मोकळी जागा ठेवलेली, जिच्यातून तळमजल्यावरचे सामान दोराने वरच्या मजल्यावर चढवता येई. तळमजल्यावर विहीर. भिंतीच्या जाडीतूनच वर जाणारा चक्राकार जिना. सर्वांत वर दगडी ब्रॅकेटांची रांग. युद्धाच्या वेळी त्यांवर लाकडी सज्जा बसवून खालच्या शत्रूवर थेट मारा करता येत असे.

७ मार्च

कापणीचे काम सुरू झाले. तीन मिलिमीटर जाडीच्या एमडीएफच्या कड्या लेझरने कापून एकावर एक चिकटवायच्या, असे ठरले. ५४ सेंटिमीटरसाठी १८० कड्या लागतात, आणि प्रत्येक कडी म्हणजे प्रत्यक्षातले ३० सेंटिमीटर. खालच्या कड्यांत बारा कोनाड्यांचे खाचे आहेत, मधल्या कड्यांत जिन्याचे छिद्र थोडे थोडे सरकत जाते. बुरुजाचा पाव भाग उघडा ठेवायचा आहे, म्हणजे पाहणाऱ्याला भिंतीची जाडी आणि तिन्ही दालने एकाच नजरेत दिसतील.

पहिल्या साठ कड्या चिकटवून झाल्यावर त्या उघड्या भागातून आत पाहिले, तेव्हा एक गोष्ट आकड्यांतून कधी कळली नव्हती ती कळली. बाहेरून एवढा प्रचंड दिसणारा बुरूज आत तुलनेने लहान आहे. ३१ मीटरांपैकी निम्म्याच्या आसपास जागा भिंतींनीच खाल्ली आहे. राहण्यासाठी बांधलेले घर असे कोणी बांधत नाही. ही भिंत आतल्या माणसाच्या रक्षणासाठी होती, तितकीच ती दूरवरून दिसण्यासाठीही होती.

१६ मार्च

बाहेरच्या अंगावर आज भोके पाडली. हा मला या संपूर्ण वास्तूतला सर्वांत आवडणारा तपशील आहे. बुरुजाच्या बाहेरच्या भिंतीवर परांचीच्या लाकडांसाठी ठेवलेली भोके आडव्या रांगांत नव्हती. ती मळसूत्रासारखी बुरुजाभोवती गोल फिरत वर चढत होती. व्हियोले-ल-द्युकने त्यावरून असा निष्कर्ष काढला, की गवंड्यांनी बुरुजाभोवती लाकडाचा चढता रस्ताच गुंडाळला होता. बांधकाम जसजसे वर जाई, तसतसा रस्ताही त्याच्याबरोबर वर जाई, आणि दगड त्या उतारावरून ओढत नेता येत. जमिनीपासून शेंड्यापर्यंत वेगळी परांची उभारण्याची गरजच उरत नव्हती.

आम्ही अर्ध्या मिलिमीटरचे ड्रिल वापरून चढाची रेषा आधी कागदावर आखली, तो कागद बुरुजाभोवती गुंडाळला आणि कागदावरूनच भोके पाडली. काम किचकट होते आणि सबंध दिवस गेला. कागद सोडवल्यावर भोकांची रेषा शांतपणे वर चढत गेलेली दिसली, तेव्हा आठशे वर्षांपूर्वीच्या त्या अनाम गवंड्यांबद्दल मनात अतिशय आदर दाटून आला. सरदाराचे नाव घराण्याच्या ब्रीदामुळे टिकले. गवंड्यांची बुद्धी या भोकांमुळे टिकली, आणि भोकांचे चित्र कागदावर होते म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली.

२९ मार्च

फलकांचा मजकूर लिहिताना एक बाब ठळक करायची आहे : हा किल्ला एकदाच उद्ध्वस्त झाला नाही. १६५२ मध्ये, फ्रान्समधल्या यादवीच्या काळात, कार्डिनल माझारँ याच्या आदेशाने तो निकामी करण्यात आला. सुरुंग लावून वेशीचा भाग, मुख्य बुरुजाभोवतीचा तट आणि आतली छते पाडली गेली; बुरुजाची मुख्य भिंत मात्र त्या दारूला बधली नाही. १६९२ च्या भूकंपात तिला वरपासून खालपर्यंत भेग पडली. तरी ती उभी राहिली. १८२९ मध्ये ओर्लेआँचा ड्यूक, म्हणजे पुढचा राजा लुई-फिलिप, याने हे अवशेष विकत घेतले. त्यानंतर व्हियोले-ल-द्युकने लोखंडी पट्ट्यांनी बुरूज आवळून भेग सावरली, आणि १८६२ च्या यादीत किल्ला संरक्षित स्मारक म्हणून नोंदवला गेला.

भिंतीच्या पोटात लाकडी तुळयांचे वेढे बसवलेले होते, हेही त्या डागडुजीच्या अभ्यासात स्पष्ट झाले. चुना वाळेपर्यंत आणि बांधकाम बसेपर्यंत भिंत फाटू नये, यासाठी ती योजना होती. लाकूड कुजून गेले, त्याच्या पोकळ नळ्या भिंतीत राहिल्या. एकोणिसाव्या शतकातल्या लोखंडी पट्ट्यांनी तेराव्या शतकातल्या लाकडी वेढ्यांचेच काम बाहेरून केले.

२४ एप्रिल, कूसी

लाँहून सकाळी गावात पोचलो. पठाराच्या बाजूची लाँची वेस अजून आपल्या दोन अजस्र बुरुजांसह उभी आहे. गावात सपाट जमिनीवरून येण्याचा मार्ग हाच असल्यामुळे तिला एवढे बळ दिलेले होते. स्वासोंची आणि शोनीची अशा आणखी दोन वेशी आहेत. मधले गाव मात्र जुने दिसत नाही, कारण पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, किल्ल्याबरोबर गावही उद्ध्वस्त झाले आणि आजची घरे व सें-सोव्हरचे चर्च ही युद्धानंतरची पुनर्बांधणी आहे. मध्ययुगीन तटाच्या आत विसाव्या शतकातली घरे, हे दृश्य प्रथम विसंगत वाटते. कारण कळल्यावर ते फार गंभीर होते.

किल्ल्याची व्यवस्था राष्ट्रीय स्मारक केंद्र या सरकारी संस्थेकडे आहे. आवार ओलांडून मुख्य बुरुजाच्या जागी गेलो. तिथे दगडांचा ढीग आहे. त्या ढिगाच्या कडेला बराच वेळ थांबून मी दगड पाहिले. इथला चुनखडीचा दगड फिकट पिवळसर असून पृष्ठभागावर काळवंडलेला आहे. काही तुकड्यांचा एक चेहरा अजून घडीव आहे आणि त्याला अतिशय मंद गोलाई आहे. हात फिरवला तर जाणवणारही नाही, पण पट्टी टेकवली की मधे प्रकाशाची रेघ दिसते. तो चेहरा म्हणजे ३१ मीटर व्यासाच्या वर्तुळाचा तुकडा. त्याच्या मागे घडीव दगड नाही. चुन्यात बसवलेले ओबडधोबड गोटे आहेत. दोन्ही बाजूंना घडीव दगडाचे अंग आणि मधे गोट्यांचा भराव, अशी ही सात मीटर जाडीची भिंत होती. प्रतिकृतीच्या उघड्या पाव भागात हा फरक रंगाने दाखवायचा, असे तिथेच ठरवले.

९ मे, पुणे

आज १९१७ चा फलक लिहिला. मजकूर अनेकदा लिहून खोडावा लागला, कारण संताप आवरून तथ्य सांगणे इथे कठीण जाते. त्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जर्मन सैन्याने आपली आघाडी मागे घेऊन हिंडेनबुर्ग रेषा या मागच्या संरक्षक फळीवर नेली. या माघारीला आल्बेरिख मोहीम असे नाव होते, आणि सोडून दिलेल्या मुलखात शत्रूच्या उपयोगाचे काहीही शिल्लक ठेवायचे नाही, हे तिचे धोरण होते. गावे पाडली गेली, विहिरी निकामी केल्या गेल्या, फळझाडे तोडली गेली. कूसीच्या किल्ल्यात सुमारे २८ टन स्फोटके भरण्यात आली आणि मार्चमध्ये मुख्य बुरूज व चारही कोपऱ्यांचे बुरूज उडवण्यात आले. त्या आघाडीचा सेनापती, बव्हेरियाचा युवराज रुप्रेख्त, याने किल्ला वाचवावा असे सुचवले होते. जर्मन सेनानी लुडेनडॉर्फच्या सर्वोच्च सेनाकार्यालयाने ते मानले नाही.

मी एक ढोबळ हिशेब केला. भिंतीचे कडे ७ मीटर जाडीचे आणि ५४ मीटर उंचीचे धरले, तर बांधकाम सुमारे २८,००० घनमीटर भरते. कोनाडे, जिना आणि वर कमी होत जाणारी जाडी वजा केली, तरी हा दगड दहा हजार टनांच्या काही पट भरतो. उंचावरून टेहळणी करण्यापलीकडे १९१७ मध्ये या बुरुजाचा लष्करी उपयोग नव्हता. टेहळणी रोखायला त्याचा वरचा भाग पाडणे पुरेसे झाले असते. संपूर्ण बुरूज मुळापासून उडवण्यामागे लष्करी गरजेपेक्षा वेगळी वृत्ती होती, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि फलकावर ते मत म्हणूनच लिहिले आहे.

२३ मे

प्रतिकृतीत काय दाखवायचे यावर गटात चांगली चर्चा झाली. एका बाजूचे म्हणणे असे, की लोकांना उभा बुरूज पाहायचा असतो, ढीग कशाला दाखवायचा? दुसऱ्या बाजूचे म्हणणे, की आज जे आहे तेच दाखवणे प्रामाणिकपणाचे आहे. मी पियेरफोंचे उदाहरण मांडले. कूसीपासून फार दूर नसलेला तो किल्ला ओर्लेआँचा ड्यूक लुई याने उभारला. त्यानेच १४०० मध्ये कूसीची जहागीर विकत घेतली होती. तिसऱ्या नेपोलियनच्या इच्छेने पियेरफोंचे अवशेष व्हियोले-ल-द्युकने जवळजवळ नव्याने बांधून काढले. तो किल्ला आज दिमाखात उभा आहे, पण त्यात चौदाव्या-पंधराव्या शतकाचे किती आणि एकोणिसाव्या शतकाचे किती, हे सामान्य पाहणाऱ्याला कळत नाही. कूसीत त्याच माणसाने स्वतःला आवरले. जे होते ते टिकवले आणि उरलेले कागदावर ठेवले. युद्धानंतर फ्रान्सनेही बुरूज पुन्हा बांधला नाही. कूसीचे अवशेष त्या विध्वंसाची साक्ष म्हणून तसेच ठेवावेत, असे ठरले, आणि तो निर्णय मला योग्य वाटतो. नवा बुरूज बांधला असता, तर १९१७ पुसले गेले असते.

त्यामुळे प्रतिकृतीत दोन्ही अवस्था येतील. बुरूज वेगळा करता येईल असा ठेवायचा. तो उचलला, की त्याच्या जागी आजचा ढीग दिसेल. बुरुजाच्या पायावर ‘नकाशांच्या आधारे’ आणि ढिगाच्या कडेला ‘आजची स्थिती’ असे लिहायचे.

६ जून

ढीग तयार झाला. प्लास्टरमध्ये थोडा पिवळा रंग मिसळून पातळ वक्र पट्ट्या ओतल्या, त्या वाळल्यावर फोडल्या, आणि तुकडे अशा रीतीने मांडले, की काहींचा गोलाईचा चेहरा वर राहील. भरावासाठी चाळलेली खडी आणि चुना वापरला.

दुसऱ्या टेबलावर गावाचा भाग पूर्ण होत आहे. त्यात तट, तीन वेशी आणि आवार आहे. घरे केवळ ठोकळ्यांनी सुचवली आहेत.

१४ जून

शेवटचा फलक माणसांचा आहे. त्यात सातव्या आंगेरांला सर्वाधिक जागा दिली आहे, आणि ती त्याला द्यायलाच हवी. इंग्लंडमध्ये ओलीस म्हणून राहिलेल्या या सरदाराने १३६५ मध्ये तिथल्या राजाच्या, तिसऱ्या एडवर्डच्या, इझाबेला या मुलीशी लग्न केले. त्यामुळे शंभर वर्षांच्या युद्धात त्याचे सासर एका बाजूला आणि त्याचा राजा दुसऱ्या बाजूला, अशी स्थिती झाली. त्याने किल्ल्यात मध्ययुगात आदर्श मानलेले नऊ वीर आणि नऊ वीरांगना यांच्या शिल्पांनी सजवलेली मोठी दालने करवून घेतली. १३९६ मध्ये निकोपोलिसच्या लढाईत तो तुर्कांच्या हाती सापडला आणि १३९७ मध्ये बुर्सा येथे कैदेतच मरण पावला. त्याच्या मुलीने जहागीर विकली आणि मूळ घराण्याचा कूसीशी संबंध संपला.

त्याखाली दोन छोट्या नोंदी घेतल्या आहेत : पहिल्या फ्रान्स्वा राजाने १५३५ मध्ये प्रोटेस्टंटांवरचा छळ थांबवण्याचा जो आदेश काढला तो याच गावातून निघाला, आणि चौथ्या हेन्रीचा मुलगा सेझार द व्हाँदोम याचा जन्म १५९४ मध्ये इथेच झाला.

फलक छपाईला दिले. बुरूज ठेवण्याच्या पेटीला आतून फोम लावायचा आहे, आणि बुरूज उचलण्याचे काम प्रत्येक ठिकाणी स्वयंसेवकानेच करावे, प्रेक्षकांनी हात लावू नये, अशी सूचना पेटीच्या झाकणावर चिकटवायची आहे.